ओला साग बुडतो

ओला साग पाण्यात बुडतो, आबा सांगायचे.
रसरशीत असतो, तेवढाच जड.
म्हणून मलबारच्या रानात आधी
बुंध्याभोवतीचं सालीचं कडं काढतात, वीतभर,
आणि झाडाला तसंच सोडून देतात.
दोन पावसाळे. कधी तीन.
उभ्या उभ्या वाळतं ते.
मग कुऱ्हाड, मग हत्ती, नदी, समुद्र.
मग लाकडी बंदर, आणि आबा.

धर्माजी भाबल, मापाडी,
वेलजी खिमजींच्या वखारीत छत्तीस वर्षं.
कानावर खडू, खांद्यावर दोरी,
हातात ठशाची हातोडी.
ठशात मासा. मासाच का,
ते शेठलाही ठाऊक नव्हतं.
ओंडक्याचा मधला घेर, त्याची चौथाई,
चौथाईचा वर्ग, गुणिले लांबी.
पान थुंकायच्या आत घनफूट तोंडावर.
माझी इयत्ता मात्र
त्यांना कधी नीट सांगता आली नाही.

पौर्णिमेचा नारळ पाण्यात पडला
की पंधरवड्यात कालिकतचा पहिला पडाव.
उस्मान तांडेल सोलकर
केळीच्या पानात काळा हलवा घेऊन उतरायचा,
आणि ओंडके उतरायचे भरती बघून.
यल्लप्पाची टोळी छातीभर चिखलात,
एकाने ओरडायचं, बाकीच्यांनी ओढायचं.
एका सुकतीला ओंडका घसरला,
यल्लप्पाच्या पायाची तीन बोटं गेली.
वहीत त्या दिवशी लिहिलंय: नग एकेचाळीस, सर्व ठीक.
अक्षर आबांचं आहे.

आमच्या कोळसा बंदरात कोळसा असायचा.
दारूखान्यात दारू नव्हती, म्हणून बाप्ये हिरमुसायचे.
आणि हे बंदर म्हणजे गवताचं बंदर,
साहेबाच्या भाषेतलं गवत.
ते मला फार उशिरा कळलं.
मला वाटायचं, हे, म्हणजे हेच.
आपलंच.

मग ट्रक आले.
मग मलेशियाचं लाकूड आलं पेट्यांत बंद होऊन,
खाडीपलीकडे उतरलं, मोजून आलेलं.
पडावांना इंजिनं बसली, मग पडावच बसले.
म्हातारा कालापाती
फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा ना, तेलात भिजवून,
तो जावयाकडे राहून गाद्या भरू लागला.
वखारीच्या फाटकाला नोटीस लागली, इंग्रजीत.
आबांनी तिची लांबीरुंदी बघितली
आणि डबा घेऊन आत गेले.

आत काही नव्हतं. भुसा होता.
तरी रोज सकाळी आठला
ते रे रोडच्या पुलावरून उतरायचे
आणि रिकाम्या वखारीत उभे राहायचे.
आई म्हणायची, बसा तरी तिथे कुठे.
दोन पावसाळे.
तिसरा नाही.

त्या मधल्याच काळात कधीतरी
दारूखान्यात एक जुनं जहाज फोडायला आलं.
लोखंड गॅसने कापत होते,
आणि तळातली सागवानी फळी बाहेर पडली.
आबांनी दोरी काढली. मोजली.
भंगारवाल्याशी घासाघीस न करता
एवढेच पैसे ठेवले (आई आठवडाभर बोलली नाही)
आणि फळी खांद्यावर घालून घरी आणली.
म्हणाले, कोपऱ्यात बघ, मासा.
मी बघितलं. मासा असेल.
गाठही असेल. खिळ्याचं भोक तर होतंच.

आता ती माझ्या ओट्यावर मांडणी आहे,
मसाल्याचे डबे तोलून धरते.
सुताराने कापताना हातभर तुकडा उरला होता.
तो मी परवा बादलीत टाकून पाहिला.

तरंगला.
एक कोपरा तेवढा पाण्याखाली.